क्षमेची किंमत

चिकलठाण्यावरून जाणारा जालना रस्ता आज विमानतळ, कारखान्यांची फाटके आणि मालमोटारींच्या रांगा यांनी इतका गजबजलेला असतो की, याच रस्त्याच्या दोन्ही दिशांना मराठी ख्रिस्ती धर्मजीवनाची दोन जुनी ठाणी आहेत, ही गोष्ट त्यावरून नित्य ये-जा करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानी येत नाही. पश्चिमेस शहर ओलांडले म्हणजे औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, छावणी लागते. तेथील ख्राइस्ट चर्च ही ब्रिटिश अमदानीची खूण आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरात चर्च मिशनरी सोसायटीचे काम ज्यांनी चालवले ते पाळक रतनजी नौरोजी हे जन्माने पारशी होते. पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटरांवर जालना आहे. त्याच्या जवळच, निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायण शेषाद्री या ख्रिस्ती मिशनरी गृहस्थांनी बेथेल नावाचे गाव वसवले, आणि त्यात मुख्यतः मांग व महार समाजांतील कुटुंबे राहू लागली. पारशी पाळक, ब्राह्मण संस्थापक आणि गावकुसाबाहेरचे रहिवासी अशी ही मंडळी एका धर्मात कशाच्या बळावर एकत्र आली, याचे उत्तर शोधू लागले म्हणजे पाप, क्षमा आणि तारण या तीन कल्पनांपाशी यावे लागते.

या तीन कल्पनांविषयी आपल्याकडे, शेजारी ख्रिस्ती कुटुंब असतानाही, अज्ञान पुष्कळ आहे. औद्योगिक वसाहतीत एकाच पाळीत काम करणारी माणसे डबा उघडून बसली की गप्पांच्या ओघात ख्रिस्ती सहकाऱ्याला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: ‘तुमचं बरं आहे बाबा! पाप करायचं, फादरच्या कानात सांगायचं, आणि मोकळं व्हायचं.’ टोमण्यात वैर नसते, थट्टा असते. पण तिच्या मुळाशी जो आक्षेप आहे तो गंभीर आहे. क्षमा जर अशी मागताक्षणी मिळत असेल, तर नीतीला आधार उरला कोठे? हा आक्षेप ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासूनचा आहे. पहिल्या शतकात रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने तो स्वतःच उपस्थित केला असून त्याचा तीव्र निषेधही केला आहे. तेव्हा या श्रद्धेत क्षमा कोणत्या अर्थाने विनामूल्य आहे आणि कोणत्या अर्थाने तिची किंमत मोजावी लागते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम पापाची कल्पना. चोरी, व्यभिचार, खून ही पापे होत, याविषयी जगातील धर्मांत फारसा मतभेद नाही. परंतु ख्रिस्ती विचारात ही कृत्ये म्हणजे रोगाची लक्षणे होत, आणि मूळ रोग आहे तो माणसाने ईश्वराकडे पाठ फिरवून स्वतःलाच केंद्रस्थानी बसवण्याचा. आदाम आणि हव्वा यांनी मना केलेले फळ खाल्ले व एदेन बागेतून ते बाहेर पडले, ही बायबलच्या पहिल्या पुस्तकातील कथा या दुराव्याचीच कथा आहे. मराठी माणसाला ती परकी वाटू नये म्हणून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने ती ओवीत आणली. 1616 साली गोव्यातील राचोल येथे छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, त्याचे ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून आणि माणसाच्या पतनापासून सुरू होते, आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्ताच्या जीवनात त्या पतनावरचा उपाय सांगते. रोग आणि उपाय अशी ही जोडरचना हेच ख्रिस्ती धर्मशास्त्राचे सूत्र आहे.

या रोगाचे सूक्ष्म निदान चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन याने स्वतःच्या आत्मनिवेदनात केले आहे. उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा मनुष्य पुढे बिशप झाला, जगातील मोठ्या धर्मचिंतकांत गणला गेला. आणि आपल्या तारुण्यातील अनेक स्खलनांपैकी तो सर्वांत अधिक वेळ घालवतो तो एका क्षुल्लक चोरीवर. सोळा वर्षांचा असताना सवंगड्यांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती त्याने झोडपून नेली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली फळे बहुतांशी डुकरांपुढे टाकण्यात आली. मग चोरी का केली? मनाई होती म्हणून केली, आणि चारजण बरोबर होते म्हणून केली. एकट्याने केली नसती, हेही तो नमूद करतो. गरजेपोटी घडलेला अपराध समजून घेता येतो, परंतु निव्वळ मनाई मोडण्याच्या सुखासाठी घडलेला अपराध माणसाच्या इच्छाशक्तीतच काही वाकडेपणा असल्याची साक्ष देतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. मूळ पाप या सिद्धांताला पश्चिमेकडील ख्रिस्ती परंपरेत जे रूप आले ते मुख्यत्वे त्याच्या लेखणीतून.

जन्मतःच माणूस पापी, हे ऐकून आपल्या वाचकाला साहजिकच पूर्वजन्मीच्या पापाची आठवण होईल. परंतु दोन्ही कल्पनांचे सामाजिक परिणाम अगदी वेगळे झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वसंचिताच्या सिद्धांताचा रूढीने असा उपयोग केला की, अस्पृश्याचे अस्पृश्यत्व आणि विधवेचे वैधव्य ही त्यांच्याच मागील जन्मीच्या पापांची फळे ठरली, आणि उच्च कुळात जन्मलेल्याच्या पदरी पुण्याचा साठा आपोआप जमा झाला. उलट ख्रिस्ती सिद्धांताप्रमाणे पापाचे ओझे सर्वांवर सारखेच आहे: वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणावर जितके, तितकेच मांगावर, राजावर जितके, तितकेच गुलामावर. सर्वच पापी आहेत, याचा व्यवहारातील अर्थ असा होतो की, जन्मामुळे अधिक पापी असा कोणीच नाही. बेथेलच्या वस्तीत राहायला आलेल्या कुटुंबांना धर्मशास्त्रातील बारकावे कितपत उमगले असतील ते असो. पण आपल्या जन्मात कलंक नाही, एवढे जरी त्यांना उमगले असेल, तरी ते थोडे नव्हते.

नारायण शेषाद्रींच्याच घरात पाप आणि प्रायश्चित्त यांचा प्रश्न एकदा थेट न्यायासनापर्यंत गेला होता. 1843 साली नारायण मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी कोर्टात दाद मागितली, मुलगा अज्ञान आहे असे ठरून त्याला बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला, आणि तेथून खरा पेच सुरू झाला. कारण परधर्मीयांच्या घरी अन्न घेतलेला मुलगा परत आला खरा, पण जातीत घ्यायचा कसा? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे असा आग्रह धरला, आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. या प्रकरणात दोन्ही बाजूंपुढे एकच प्रश्न उभा होता: जो आपल्यातून गेला त्याला परत येण्याचा दरवाजा आहे की नाही, आणि असल्यास तो उघडण्याचा अधिकार कोणाचा? जांभेकरांनी त्याचे उत्तर शास्त्रोक्त विधीत शोधले. ख्रिस्ती धर्माचे उत्तर असे की, तो दरवाजा आतून, ईश्वराच्याच हाताने, आधीच उघडलेला आहे.

या उघडलेल्या दरवाजाचे नाव ख्रिस्ती परिभाषेत कृपा. मनुष्याने तप, दान, व्रते यांची रास घालून ईश्वराला प्रसन्न करून घ्यावे आणि मग क्षमा मिळवावी, असा तेथे क्रम नाही. क्षमेचा आरंभ ईश्वराकडून होतो. येशू ख्रिस्ताचे वधस्तंभावरील मरण ही त्या क्षमेची किंमत होय, आणि ती अपराध्याने न भरता ज्याचा अपराध झाला त्यानेच भरली, अशी ही श्रद्धा आहे. ही गोष्ट नेमकी कशी घडते याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने असे मांडले की, पापाने ईश्वराच्या न्यायव्यवस्थेचा जो अवमान झाला त्याची भरपाई मनुष्याने करणे प्राप्त होते, परंतु ती करण्याचे सामर्थ्य फक्त ईश्वराकडे होते, म्हणून ती देव आणि मनुष्य अशा दोन्ही स्वरूपांच्या ख्रिस्ताने केली. पुढच्याच पिढीतील आबेलारने भर दिला तो प्रेमावर. वधस्तंभावरील आत्मबलिदान पाहून माणसाच्या अंतःकरणाला पाझर फुटतो आणि तो परत फिरतो, हीच तारणाची क्रिया होय, असे त्याचे म्हणणे. एक विचार न्यायालयाच्या भाषेत बोलतो, दुसरा अंतःकरणाच्या. पण गुन्हा झालाच नाही असे समजून कागद फाडून टाकावा, असे दोघेही म्हणत नाहीत. नुकसान झाले आहे, आणि ते कोणीतरी सोसले आहे, हे दोघांनाही मान्य आहे.

येशूने स्वतः हा विषय धर्मशास्त्राच्या परिभाषेत न सांगता कर्जाच्या भाषेत सांगितला. मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. एक राजा आपल्या चाकरांकडून हिशेब घेऊ लागला, तेव्हा एकाच्या नावावर दहा हजार तालांतांची बाकी निघाली. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत, आणि एक दिनार म्हणजे एका मजुराची एक दिवसाची मजुरी. म्हणजे ही बाकी सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकी झाली, जी फेडायला दीड लाखाहून अधिक वर्षे एकही दिवस न चुकता राबावे लागले असते. ऐकणाऱ्यांनी हसावे इतकी ही रक्कम अशक्य आहे, आणि ती तशी मुद्दामच योजलेली आहे. चाकराने पाय धरून मुदत मागितली. राजाने मुदत न देता सगळी बाकीच माफ केली. तोच चाकर बाहेर आला, शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला, आणि त्याच्या विनवण्यांकडे दुर्लक्ष करून त्याला तुरुंगात टाकले. राजाला हे कळताच त्याने दिलेली माफी रद्द केली, आणि बाकी फिटेपर्यंत त्याला शिक्षा करणाऱ्यांच्या हवाली केले.

सावकारी, तगाई, जप्ती आणि कर्जमाफी या शब्दांशी मराठवाड्यातील शेतकऱ्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, तीमुळे हा दृष्टांत आपल्याकडे कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. त्यातील पहिला भाग सर्वांना आवडतो. कठीण आहे तो दुसरा. ख्रिस्ती माणूस आपल्या नित्याच्या प्रार्थनेत क्षमा मागतो ती या अटीसह की, आपणही आपल्या अपराध्यांना क्षमा केली आहे. म्हणजे डबा खाताना थट्टा करणाऱ्या सहकाऱ्याला जो व्यवहार फार सोपा वाटतो, त्याची खरी वसुली येथे सुरू होते: भाऊबंदकीत ज्याने बांध कोरला, नोकरीत ज्याने चहाडी केली, लग्नाच्या बोलणीत ज्याने फसवले, त्या त्या माणसाचे खाते मिटवल्याखेरीज स्वतःची फारखती हाती येत नाही.

आता त्या ‘फादरच्या कानात’ सांगण्याविषयी. रोमन कॅथलिक पंथात पापकबुली हा सात संस्कारांपैकी एक संस्कार आहे, आणि वर्षातून निदान एकदा ती करावी असा दंडक 1215 साली लॅटेरन येथील चौथ्या धर्मपरिषदेने घातला. भाविक जाळीच्या पलीकडे किंवा समोर बसलेल्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो, क्रुसाची खूण करतो, मागील कबुली केव्हा झाली ते सांगतो, आणि मग आपली पापे मोघमपणे न सांगता, ती कोणती आणि किती वेळा घडली, हे सांगतो. धर्मगुरू ऐकून घेतो, उपदेश करतो, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किंवा एखादे सत्कृत्य नेमून देतो, आणि हात उंचावून ईश्वराच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतो. ऐकलेले कोणापुढेही, न्यायाधीशापुढेदेखील, उघड करण्याची त्याला सक्त मनाई आहे. मात्र या संस्कारास जोडलेल्या शर्ती बाहेरच्या माणसाला क्वचित ठाऊक असतात. मनापासून पश्चात्ताप नसेल आणि ते पाप पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर कबुली व्यर्थ ठरते. आणि चोरीची कबुली दिली म्हणजे चोरीचा माल आपला होत नाही, तो ज्याचा त्याला परत करण्याचे बंधन कायम राहते.

याच क्षेत्रात एकदा मोठा भ्रष्टाचार माजला होता, हेही सांगितले पाहिजे. पापाची शिक्षा कमी करून देणारी दंडमाफीची पत्रे युरोपात पैसे घेऊन वाटली जाऊ लागली, तेव्हा 31 ऑक्टोबर 1517 या दिवशी जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरने त्यांविरुद्ध आपले पंचाण्णव सिद्धांत जाहीर केले, आणि त्यातून प्रॉटेस्टंट पंथ उभे राहिले. मनुष्य केवळ विश्वासाने, केवळ कृपेने नीतिमान ठरतो, असा ल्यूथरचा आग्रह होता. त्याच्या परंपरेतील मंडळ्यांत कबुली बहुधा सामुदायिक असते. रविवारच्या उपासनेत सर्वजण एकमुखाने आपण केलेल्या आणि करावयाच्या राहून गेलेल्या गोष्टींबद्दल क्षमा मागतात, आणि पाळक क्षमेचे आश्वासन देतो. हा वाद पुढे जवळजवळ पाच शतके चालला. अखेर 1999 साली ऑग्सबर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, तारण कृपेनेच मिळते आणि सत्कृत्ये ही त्याची फळे होत, या मुख्य मुद्द्यावर एकमत जाहीर केले.

हे सर्व तत्त्व एका मराठी जीवनात उतरलेले पाहायचे असेल, तर पंडिता रमाबाईंकडे वळले पाहिजे. 1858 साली जन्मलेल्या, दुष्काळात आईवडील गमावलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या आणि ऐन तारुण्यात विधवा झालेल्या या विदुषी 1883 साली इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक आश्रमगृह त्यांना दाखवण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे काम शिकत होत्या, आणि त्यांतील काहीजणी आता स्वतःच दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. अशा स्त्रियांना जवळ करावे असे तुम्हांला का वाटते, असे रमाबाईंनी एका भगिनीला विचारले. त्या भगिनीने कोणताही सिद्धांत न सांगता योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली: पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटीच विहिरीवर पाणी भरायला आलेली, परजातीची ती स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिचे सगळे आयुष्य ठाऊक असूनही तिच्याशी धर्माचे सखोल रहस्य बोलणारा येशू. ज्या शास्त्रांचा रमाबाईंनी बालपणापासून अभ्यास केला होता त्यांत पतित स्त्रीच्या वाट्याला काय येते, हे त्यांना चांगले माहीत होते. त्यामुळे या कथेचा त्यांच्यावर जो परिणाम झाला तो त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

तथापि रमाबाईंची कथा येथे संपत नाही, आणि सर्वसामान्य वाचकाला बोधप्रद आहे तो तिचा पुढचाच भाग. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी आपल्या साक्षीत दिली आहे. मतांना बुद्धीने संमती देणे ही एक गोष्ट आणि आपल्याला क्षमा झाली आहे असा विश्वास अंतःकरणात उतरणे ही दुसरी, हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगले. आणि ते उमगण्याला ज्या पुस्तकाचे साहाय्य झाले ते विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त होते, जो वर्षानुवर्षे प्रवचने करूनही स्वतः तारणाविषयी साशंक होता, आणि एके दिवशी स्वतःचेच प्रवचन देत असताना पालटला. पंडिताला आणि पाळकालादेखील कृपेचा अनुभव पांडित्याने किंवा पदाने मिळत नाही, ही ख्रिस्ती धर्मातील समानता येथे पुन्हा दिसते.

आणि या अनुभवाचे फळ काय झाले? 1889 साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यास गेले. 1896–97 आणि 1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून व गुजरातेतून शेकडो उपासमार झालेल्या मुली व विधवा रमाबाईंनी आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि त्यात पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हे स्वतंत्र घर होते. वैधव्य हे मागील जन्मीच्या पापाचे फळ, असे जिला सांगण्यात आले होते तिच्या डोक्यावरून ते न केलेले पाप येथे उतरवण्यात आले. आणि 1905 च्या जूनमध्ये मुक्तिसदनात जी मोठी आध्यात्मिक जागृती झाली, तीत त्याच मुली स्वतः केलेल्या पापांची रडत रडत कबुली देऊ लागल्या. लादलेल्या पापातून सुटका आणि केलेल्या पापाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात घडल्या. तारण म्हणजे मेल्यानंतरच्या स्वर्गाची हमी एवढाच अर्थ घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, केडगावात त्या शब्दात अन्न, अक्षरओळख, माग आणि छापखाना यांचाही समावेश होता. त्याच छापखान्यात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर छापले गेले, आणि 1922 साली त्यांचे निधन झाल्यावर दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले.

क्षमेचा हा धर्म सांगणाऱ्या संस्थेचे स्वतःचे खाते मात्र कोरे नाही. गोव्यात 1560 पासून, मधली काही वर्षे वगळता, 1812 पर्यंत चाललेल्या धर्मन्यायसभेने माणसांचा छळ केला तो ख्रिस्ताच्याच नावाने; आणि जातिभेद हे पाप आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या मंडळ्यांत लग्ने जुळवताना जात विचारली जाते, हे कोणी नाकारू शकत नाही. 12 मार्च 2000 रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या पुत्रांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल ईश्वराची जाहीर क्षमा मागितली. जाहीर कबुलीने गेलेले जीव परत येत नाहीत; परंतु जो धर्म व्यक्तीला कबुलीची सक्ती करतो त्याने ती स्वतःवरही लागू करावी, एवढी अपेक्षा रास्तच आहे.

क्षमा आणि न्याय यांचा मेळ कसा बसतो, याचे अलीकडचे उदाहरण इंदूरच्या परिसरात घडले. सिस्टर राणी मारिया या केरळमधून आलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींत काम करत होत्या. सावकारी पाशातून सुटण्यास त्या लोकांना मदत करत असल्यामुळे काहींच्या हितसंबंधांना धक्का बसला, आणि 25 फेब्रुवारी 1995 या दिवशी चालत्या बसमध्ये सुऱ्याचे वार करून त्यांचा खून करण्यात आला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारिया यांची धाकटी बहीणही त्याच संघातील भगिनी होती. 2002 साली राखी पौर्णिमेला ती तुरुंगात गेली, आणि आपल्या बहिणीचा जीव घेणाऱ्या हाताला तिने राखी बांधली. कुटुंबाने पुढे त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, आणि 2006 साली तो सुटला. येथे कायद्याचे काम कायद्याने केले, शिक्षा झाली, तुरुंगवास भोगला गेला. क्षमेने काम केले ते शिक्षेच्या पलीकडचे, म्हणजे खुनी माणसाला पुन्हा माणसांत आणण्याचे. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

महाराष्ट्राच्या मनाला हा विचार सर्वस्वी नवा नव्हता, म्हणूनच तो येथे रुजला. स्वतःला पतित म्हणवून पतितपावनाच्या पायांशी लोळण घेणारी वारकरी संतांची वाणी घराघरांत होतीच; 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपल्याला ख्रिस्तापर्यंत तुकोबांनी आणले असे मानत, आणि त्यांच्या भजनांतील ख्रिस्त मराठी भक्ताला ओळखीचा वाटतो तो यामुळेच. फरक आहे तो असा की, ख्रिस्ती श्रद्धेत पापक्षमा एका विशिष्ट ऐतिहासिक घटनेशी, रोमन सुभेदार पिलाताच्या अमलाखाली यरुशलेमच्या वेशीबाहेर झालेल्या एका मृत्युदंडाशी, कायमची बांधलेली आहे, आणि पुनर्जन्माची दुसरी संधी तेथे नाही. आहे ते हेच आयुष्य, आणि परत फिरण्याचा काळही हाच. भस्म बुधवारी कपाळी राख लावून सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर चालणारे मनन या निकडीसाठीच आहे.

शेवटी त्या जेवणाच्या सुट्टीतील टोमण्याचा निवाडा करायचा, तर तो लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाच्या आधारे करता येईल. हा यरीहोचा मुख्य जकातदार. सरकारी वसुलीच्या नावाखाली लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी आपण होऊन उतरला, त्याच्या पंगतीला बसला, त्याआधी त्याने जक्कयाला एकही अट घातली नाही. एवढ्यापुरती क्षमा फुकट होती. पण जेवणावरून उठताना जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गोरगरिबांना दिली, आणि ज्याचे अन्यायाने घेतले होते त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. आणि या घराला आज तारण प्राप्त झाले, असे येशूने म्हटले ते त्यानंतर. तेव्हा क्षमा मिळाल्याचा दावा कोणी करील, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर त्याच्या डोळ्यांतील पाण्यावरून अथवा कपाळावरील राखेवरून त्याची परीक्षा करू नये. ज्याचे घेतले होते त्याला ते परत मिळाले काय, आणि त्याच्या स्वतःच्या कर्जदाराला त्याने मोकळे केले काय, एवढीच चौकशी करावी. आणि ती शेजाऱ्याविषयी करण्यापूर्वी स्वतःविषयी करावी.